आमेन म्हणेल तो भांडी घासेल

पाद्री माणसाला गप्प बसायला शिकवणं म्हणजे कोंबड्याला पहाटे आरवू नकोस म्हणून सांगणं. वर्षानुवर्षं मी हेच काम करतेय आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. मी स्वतः पाद्रीच आहे, मेथडिस्ट चर्चची. नाव व्हर्ना स्टिडम. आमच्या टॅनर्स फोर्क गावच्या पोलिसांची पाद्रीही मीच. म्हणजे कुठे भीषण अपघात झाला, गोळीबार झाला, एखादं लेकरू गेलं, की तिथून परत आलेल्या पोलिसाशेजारी जाऊन बसायचं. उपदेश करायचा नाही, नुसतं बसायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? एकदा करून बघा.

दर ऑक्टोबरात केंटकीच्या या डोंगराळ भागातले सगळे पोलीस-पाद्री नदीकाठच्या चर्च-कॅम्पवर जमतात. बॅप्टिस्ट असतात, कॅथलिक असतात, लेक्सिंग्टनहून इमाम युसूफ हद्दाद येतात. दिवसभर शिकायचं आणि संध्याकाळी बीन्सचं कालवण, मक्याचा पाव आणि कच्चा कांदा यांवर ताव मारत एकमेकांची थट्टा करायची. वर्षभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून आमचे कान जड झालेले असतात, ते तिथे हलके होतात. खरं सांगते, त्या दिवसांची मी वर्षभर वाट बघते.

शिकवण्यातला मुख्य धडा म्हणजे गाडीतला सराव. पोलिसाची गाडी झाडाखाली उभी करायची. चाकामागे खरा पोलीस, शेजारच्या सीटवर पाद्री. दोघांनी समोर बघायचं, एकमेकांकडे नाही. पोलीस बोलेपर्यंत पाद्र्याने तोंड उघडायचं नाही आणि त्याने मागितल्याशिवाय प्रार्थना तर अजिबात करायची नाही. कारण आमच्या धंद्यात प्रार्थना शेवटी येते. आमेन म्हटलं की टोपी डोक्यावर, हात दारावर. समोरचा माणूस मनातलं निम्मं सांगत असतो, तेवढ्यात आपण आमेन म्हणतो, आणि तो समजतो की भेट संपली.

म्हणून कॅम्पवर एक जुना कायदा आहे. सरावात न मागता आमेन म्हणेल, तो संध्याकाळी सगळ्यांची भांडी घासेल.

"आणि आमचं आमीन?" इमाम युसूफ दर वर्षी हमखास विचारतात.

"तेही धरलं जाईल. जेवणाआधीचं तेवढं सगळ्यांना माफ."

यंदा एक नवीन माणूस आला, ब्रदर ओटिस पेनिंग्टन. बॅप्टिस्ट, दारात मावणार नाही असा आडवा, आणि आवाज असा की त्याने "नमस्कार" म्हटलं तर खिडक्यांच्या काचा हादरतात. गाडीतून उतरला तोच दोन्ही हातांत ब्लॅकबेरी कॉबलर या गोड पदार्थाचे ट्रे घेऊन. "मिस व्हर्ना, तुमचं नाव फार ऐकलंय! तुम्ही पाद्र्यांना रडवता म्हणे!"

"रडवत नाही, गप्प करते."

"मग माझ्यासाठी प्रार्थना करा, बाई!" म्हणून तो एवढ्या जोरात हसला की कॅम्पवरचं कुत्रं पळालं. मला माणूस आवडला. पण मनात म्हटलं, हा बाबा तर उचलली जीभ लावली टाळ्याला, आजची भांडी याच्याच नशिबात आहेत.

आता डार्लाबद्दल सांगते. गाडीत ऐकलेलं गाडीतच ठेवायचं हा आमचा नेम, पण तीच म्हणाली, "सांगा मिस व्हर्ना, सगळ्यांना सांगा," म्हणून सांगतेय. डार्ला नेपिअर आमच्या गावची पोलीस. लहानपणी इतर मुली बाहुल्या खेळायच्या तेव्हा ही रस्त्यात उभी राहून सायकली अडवायची. पोलीस व्हायचं, एवढं एकच तिने आयुष्यात मागितलं आणि कष्टाने मिळवलं.

मार्चमध्ये आमच्याकडे महापूर आला. पाणी चढत असताना डार्ला एकटीच हॉबर्ट गेहार्ट नावाच्या म्हाताऱ्याच्या घराशी पोचली होती. तिने रेडिओवर आपला चौदा नंबर सांगून बोट मागितली असणार, पण डोंगरावरचा टॉवर कोसळला होता. कोणाला काही ऐकू गेलं नाही. म्हातारा वाहून गेला आणि दुसऱ्या दिवशी लोकांना डार्ला एका सायकॅमोरच्या झाडाला मिठी मारून बसलेली सापडली. टॉवर पुन्हा उभा राहिला, घरं उभी राहिली. डार्लाही कामावर आली, पण टेबलावरच्या कामाला. अधूनमधून गाडीत बसून बघायची, गाडी चालवायची, आणि माइकच्या बटणावर अंगठा ठेवला की हात दगड व्हायचा. त्या दिवसाबद्दल कोणाला चकार शब्द सांगितला नव्हता तिने. मी किती वेळा तिच्याशेजारी जाऊन बसले असेन! मीही गप्प, तीही गप्प.

आमच्या ठाण्याचा चीफ बर्चेट वाईट माणूस नाही. कॅम्पच्या आधी त्याने मला बोलावलं. "व्हर्ना, सोमवारी सकाळी तिने गाडीतून रेडिओवर हजेरी द्यायची, नाहीतर बिल्ला माझ्या टेबलावर ठेवायचा. आणखी थांबता येत नाही मला."

"एवढा कठोर कशाला होतोस?"

"माइक न उचलणारी पोलीस मी रस्त्यावर पाठवली आणि तिला काही झालं, तर तिच्या आईला काय तोंड दाखवू? सांग ना!"

मी एवढंच केलं, की डार्लाला सरावासाठी कॅम्पवर घेऊन आले. म्हटलं, निदान गाडीच्या सीटवर बसायची सवय तरी राहील. ती आली ती माझ्यावर उपकार केल्यासारखी.

"मिस व्हर्ना, मी दुःखी पोलिसाचं नाटक करायचंय ना? जमेल मला. रोजचंच आहे," ती म्हणाली.

सरावात ओटिस नेमका तिच्याच गाडीत बसला. मी खिडकीपाशी उभी. सुरुवातीला गडी चांगला टिकला. घामाघूम झालेला, गुडघ्यांवर हात गच्च, नजर समोर नदीवर. इतका मोठा माणूस गप्प बसला की गाडीत कसं भरून आल्यासारखं वाटतं, तसं वाटत होतं. आणि डार्ला बोलायला लागली. नाटक नव्हतं ते.

"पाणी पोर्चच्या छपराला लागलं होतं," ती म्हणाली. "मी छपरावर मिस्टर गेहार्टचा हात धरला होता. त्यांच्या हाताला तंबाखूचा वास येत होता."

मार्चपासून पहिल्यांदा! बोल पोरी, बोल, असं मी मनात म्हणतेय, तेवढ्यात ओटिसने तिचा हात आपल्या पंजात घेतला, डोळे मिटले आणि त्या गडगडाटी आवाजात सुरू झाला, "हे दयाळू परमेश्वरा, या तुझ्या लेकराला..." आणि थेट आमेनपर्यंत गेला. थांबवायलाही सवड दिली नाही मेल्याने.

डार्लाने हात सोडवून घेतला. शांतपणे उतरली. गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली आणि मला म्हणाली, "ही चीफना द्या. सोमवारी येत नाही मी. बिल्ला पोस्टाने पाठवते." आणि नदीकडे चालू लागली.

मग मी ओटिसला जे सुनावलं ते पाद्रीणबाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं. "अरे, दगडाला पाझर फुटला होता आणि तू त्यावर बूच मारलंस! तुझ्या चर्चमध्ये लोक तुला पुरत नाहीत का रे, की माझ्या पोरीवर प्रवचन झोडतोस?"

तो धिप्पाड माणूस तिथेच बंपरवर बसला आणि रडायला लागला. "मिस व्हर्ना, मी काय करू? माझ्या घशात आवंढा आला ना, की माझ्या तोंडून प्रार्थनाच बाहेर पडते. लहानपणापासून हेच आहे."

इमाम युसूफ हळूच म्हणाले, "पुरे आता, सिस्टर. पहिल्या वर्षी मीही भांडी घासली होती." मी पाय आपटत निघून गेले. राग ओटिसवर होता, पण त्याहून जास्त भीती होती. पोरगी हातची गेली असं मला वाटलं.

आमच्याकडे संध्याकाळचं जेवण लवकर असतं, ऊन असतानाच. डार्ला आली, एका कोपऱ्यात बसून थोडं जेवली, कोणाशी बोलली नाही. जेवणं झाली आणि ओटिस कायद्याप्रमाणे बाह्या सरसावून स्वयंपाकघरात गेला. बीन्सची ती पातेली केवढी असतात, त्यात वासरू बसेल. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उरलेला मक्याचा पाव कागदात गुंडाळत होते. त्याच्याशी अबोला धरला होता.

तेवढ्यात डार्ला आत आली. माझ्याकडे बघितलं, खुंटीवरचा पंचा घेतला आणि ओटिसच्या शेजारी उभी राहून ताटं पुसायला लागली. तो घासतोय, ती पुसतेय. दोघांची नजर समोरच्या भिंतीवर.

"तुमच्यामुळे माझ्यावरही भांडी आली," ती शेवटी म्हणाली.

ओटिसने ओठ असे घट्ट मिटले की गाल फुगले.

"मी बटण दाबत होते," डार्ला बोलायला लागली. "एका हातात त्यांचा हात, दुसऱ्या हातात माइक. चौदा नंबर बोलतेय, बोट पाठवा. कोणी नाही. पुन्हा दाबलं. कोणी नाही. रेडिओत खरखरही नव्हती हो, काहीच नव्हतं. आणि मिस्टर गेहार्ट दर वेळी विचारायचे, 'काय गं, उत्तर आलं का?' मी म्हणायचे, 'हो आलं, निघालेत ते.' खोटं बोलत होते मी. ते म्हणाले, 'मग ठीक आहे.' आणि पोर्च गेला." ती तेच एक ताट पुसत राहिली. "मग ठीक आहे, म्हणाले. आता बटणावर अंगठा ठेवला की मला तीच शांतता ऐकू येते. सगळे माझ्यापाशी येऊन गप्प बसतात. मिस व्हर्ना तासन् तास गप्प बसल्या. मला पुन्हा त्या छपरावर बसल्यासारखं होतं."

माझ्या हातातला पाव तसाच राहिला. पोरीला शांततेनेच मारलं होतं आणि मी औषध म्हणून तीच पाजत आले होते! मला इतकं वाईट वाटलं, सांगता येत नाही.

ओटिसच्या डोळ्यांतून धारा चाललेल्या, ओठ मात्र शिवल्यासारखे. डार्ला त्याच्याकडे वळली. "काहीतरी बोला ना! दुपारी तर थांबत नव्हतात!"

त्याने माझ्याकडे बघितलं. शाळेतलं पोर बाईंकडे बघतं, तसं. मी मान डोलावली. एकदा नाही, चारदा डोलावली असेल.

ओटिसने हात पाण्यातून बाहेर काढले. प्रार्थना नाही केली. म्हणाला, "ऐकलं. चौदा नंबर, मी ऐकलं."

डार्ला म्हणाली, "पुन्हा म्हणा."

"चौदा नंबर, मी ऐकलं!" या वेळी फळीवरची झाकणं वाजली. कुत्रं पुन्हा भुंकलं. आणि डार्ला आधी हसली आणि मग ओट्याला धरून हमसाहमशी रडली. मी पाव टाकून धावले आणि तिला मिठीत घेतलं. जेवणघरातून सगळे दारात जमा झाले, तेव्हा इमाम युसूफनी विचारलं, "काय फुटलं?"

"बूच," मी म्हणाले.

किल्ली तिने माझ्या हातून परत घेतली. खिशात ठेवली.

कॅम्प रविवारी संपतो आणि दुपारपर्यंत सगळे आपापल्या गावी पांगतात. यंदा एकही जण गेला नाही. मी कोणाला थांबा म्हटलं नव्हतं. ओटिसने आपल्या चर्चला फोन करून कळवलं, "माझं एक काम अर्धं राहिलंय." सोमवारी सकाळी आमच्या ठाण्यासमोर पाद्र्यांची जत्राच भरली. पोलिसाच्या गाडीत शेजारी बसून फेरीला जायचं, हे आमचं नेहमीचंच, त्यामुळे चीफला नाही म्हणता येईना. शेजारच्या गावांचे पोलीसही आपापल्या पाद्र्यांना घेऊन आले. कोणी पुलापाशी गेलं, कोणी खाणीच्या रस्त्याला. ओटिसची गाडी वर डोंगरावर, नव्या टॉवरच्या पायथ्याशी.

"हा काय तमाशा आहे, व्हर्ना?" चीफ खेकसला. "रेडिओवर गप्पा चालणार नाहीत, आधीच सांगतो. हजेरी, कंट्रोलचं उत्तर, बस!"

"बस," मीही म्हणाले.

डार्ला चाकामागे, मी शेजारी. समोर मेन स्ट्रीट, न्हाव्याचं दुकान, पिवळी पानं. तिने माइक उचलला. अंगठा बटणावर. हात तसाच राहिला.

आणि काय सांगू तुम्हाला, मला गप्प बसवेना! आयुष्यभर लोकांना जे शिकवलं, ते मलाच जमेना. जीभ नुसती वळवळत होती. पोरी, दाब गं. देव आहे गं. आम्ही आहोत गं. मी पर्समधून कॅम्पवरच्या मक्याच्या पावाचा शिळा तुकडा काढला आणि तोंडात कोंबला, बोलू नये म्हणून. डार्लाच्या कपाळावर घाम. तिने एकदा माइक खाली घेतला, तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर माइक पुन्हा तोंडाशी होता.

तिने बटण दाबलं.

"चौदा नंबर," ती म्हणाली. आवाज चिरकला. तिने घसा खाकरला. "चौदा नंबर, हजर."

बटण सोडलं. आणि रेडिओ गप्प.

कंट्रोल रूममध्ये नादीन बसली होती. तिने फक्त "चौदा नंबर, ऐकलं" म्हणायचं होतं, रोज शंभरदा म्हणते ती. पण डार्लाचा आवाज ऐकून तिचा बांध फुटला, माइकसमोर ढसाढसा रडत बसली बया. ते आम्हाला नंतर कळलं. गाडीत तर नुसती शांतता. डार्लाचा चेहरा उतरत गेला. मी डोंगराकडे बघितलं आणि तोंडातल्या पावासकट मनात ओरडले, अरे ओटिस, मेल्या, आता का गप्प आहेस?

"चौदा नंबर, ऐकलं!"

रेडिओ फुटतो की काय असं वाटलं. "ऐकलं पोरी! टॉवरपाशी ऐकलं, लख्ख ऐकलं!"

त्याच्यामागोमाग दुसरा आवाज, "पुलापाशी ऐकलं, चौदा." मग इमाम युसूफ, "खाणीच्या रस्त्याला ऐकलं." मग गावोगावचे पोलीस, पाद्री, एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं अडकतंय, ऐकलं, ऐकलं, चौदा नंबर ऐकलं. शेवटी नाक ओढत नादीन, "कंट्रोलला ऐकलं गं, चौदा, माफ कर मला."

"रेडिओ मोकळा करा!" चीफ गरजला. सगळे चिडीचूप. मग त्याचाच आवाज पुन्हा आला, जरा घोगरा. "चौदा, चीफ बोलतोय. मीही ऐकलं. मिल क्रीकच्या रस्त्यावर गाई सुटल्यात, जाऊन बघ."

"निघाले," डार्ला म्हणाली. बटण दाबून, स्वच्छ आवाजात.

न्हावी वस्तरा हातात घेऊन दुकानाबाहेर आला होता. ठाण्याच्या पायरीवर टाळ्या चालल्या होत्या. डार्लाने माइक खाली ठेवला नाही. तो मांडीवर धरून ती वर बघत हळूच म्हणाली, "मिस्टर गेहार्ट, उत्तर आलं." आणि हातांच्या पाठीने गाल पुसून तिने गाडी सुरू केली.

मला राहवलंच नाही. तोंडातला पाव गिळला आणि छाती भरून जेवढा आवाज होता तेवढ्या आवाजात मी म्हणाले, "आमेन!"

डार्लाने माझ्याकडे बघितलं. आमची जुनी, चिडवणारी डार्ला, मार्चच्या आधीची.

"मी मागितलं होतं का, मिस व्हर्ना?"

"नाही गं."

"मग संध्याकाळची भांडी तुमची," ती म्हणाली, वरचे निळे दिवे लावले आणि गाई हाकायला निघाली.

त्या संध्याकाळी माझ्या चर्चच्या तळघरातल्या जेवणघरात सगळ्या पाद्र्यांनी, पोलिसांनी आणि नादीनने जेवून टाकलेली पातेली मी एकटीने घासली. कोणाला हात लावू दिला नाही.